एका दमातली नावं

आधी एक कबुली देते. आजारपणाच्या त्या आठ दिवसांत मी आपणहून देवाला एकदाही हाक मारली नाही. मारावीशी वाटली नाही असं नाही, पण ज्या कामाचा पाठपुरावा करता येत नाही ते काम मी यादीत घेत नाही, हा माझा स्वभाव. नंदनवन वस्तीतल्या आमच्या लहानशा दत्तमंदिरात मी अकरा वर्षं गुरुवारच्या प्रसादाची यादी सांभाळत होते. कोणत्या गुरुवारी कोणाच्या घरचा शिरा, फुलं कोणी आणायची, गाभारा कोणी धुवायचा, सगळं रकाने आखून लिहिलेलं असे. देवाचं काम कधी अडलं नाही. त्यामुळे देवाशी माझं नातं ऑफिसातल्या मोठ्या साहेबांशी असावं तसं होतं. काम चोख, बोलणं कमी.

मिस्टर गेल्यावर मी नंदनवनातलं घर विकून शहराच्या टोकाला, बेसाला, फ्लॅट घेतला होता. नवी इमारत, तिसरा मजला, निम्मे फ्लॅट अजून कुलूपबंद. मुलगी जर्मनीत शिकायला गेलेली, ती तिकडे एका खोलीत कोंडलेली आणि मी इकडे तीन खोल्यांत. महामारीच्या दुसऱ्या वर्षातला उन्हाळा होता तो. मंदिर बंद, मी नोकरी करायचे ते कॉलेजचं ऑफिस बंद, यादीचं रजिस्टर कपाटात. एका दुपारी कूलरमध्ये पाणी भरलं, सुरू केला आणि त्याच्यासमोर बसले. गार हवा आली, पण ओल्या वाळ्याचा वास आला नाही. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या त्याच आठवड्यात बसवल्या होत्या. उठून जाळीला नाक लावलं. काहीच नाही. उदबत्ती लावली, हिंगाची डबी उघडली, आणि मग शांतपणे डायरीत तारीख घालून लिहिलं, "वास गेला."

तपासणी झाली, अपेक्षित तेच निघालं, आणि सोसायटीने माझ्या दाराला फीत लावली. मी तासाभरात सगळी व्यवस्था केली. गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या, वाफेच्या वेळा ओट्यावर. दूधवाल्यासाठी गॅलरीतून दोरीला बांधलेली बादली खाली सोडायची, हेही लिहून काढलं. लेकीने एक तक्ता करून पाठवला, त्यात मी सकाळ-संध्याकाळ ताप आणि बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा भरायचा. ती त्याचा फोटो मागायची आणि म्हणायची, "आई, मस्त आहे, शहाण्णव आहे." नंतर आम्ही दोघी एकमेकींच्या पडद्याकडे बघत बसायचो. बोलायला नवीन काही नसायचं, कारण दोघींच्याही आयुष्यात काही घडतच नव्हतं.

मी एकटी राहायला घाबरत नव्हते, चार वर्षं राहतच होते. पण त्या दिवसांतला एकटेपणा वेगळा होता. एरवी आपण एकटे असलो तरी कोणाच्या तरी वाटेत असतो. जिन्यात कोणी भेटतं, भाजीवाला "ताई, आज मेथी छान आहे" म्हणतो. ते सगळं काढून घेतल्यावर दिवसभर माझा स्वतःचा आवाजही माझ्या कानावर पडत नव्हता. मंदिराच्या गटात मी आजारी असल्याचं लिहिलं होतं. हात जोडलेली बावीस चित्रं आली. फोन एकाचाही आला नाही. त्यांना तरी काय म्हणू? माझा फोन गेला की काहीतरी काम लागणार हे सगळ्यांना ठाऊक, आणि काम नसेल तर मीही कधी कोणाला फोन केला नव्हता.

आजाराचा तिसरा दिवस, गुरुवार. संध्याकाळचे पाच वाजले असतील. अनोळखी नंबरवरून फोन आला आणि पलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज म्हणाला, "मॅडम, मी गिरजाबाई बोलून राहिली, कुहीवरून. शिरा झाला बरं."

मला काही कळेना. "कसला शिरा?"

"अवो, गुरुवार नाही का आज? मंदिर बंद हाय म्हणते सून. मंग म्या घरीच केला. पण इथं दत्ताचा फोटो नाही. तुमी देवाले सांगून द्या, गिरजाचा शिरा झाला म्हणून."

नाव ऐकल्यावर ओळख पटली. चेहरा नाही आठवला, यादीतली ओळ आठवली. त्या नावावर मी लाल शाईने रेघ मारली होती. महामारीच्या आदल्या वर्षी मी यादी मंदिरातल्या फळ्यावर आणि मोबाईलच्या गटात टाकायला सुरुवात केली, आणि त्यानंतर या बाईंचे लागोपाठ दोन गुरुवार चुकले. शिरा आला नाही, निरोपही नाही. दोनदा चुकलं की नाव कमी, हा नियम मीच केला होता. पुढे लॉकडाऊनमध्ये मुलाचं टेम्पोचं काम बंद पडलं आणि ते कुटुंब कुहीला, गावी शेतावर परत गेलं, एवढं कानावर आलं होतं. म्हणजे यांचा आज गुरुवारच नव्हता. यांचा कुठलाच गुरुवार नव्हता. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली.

"काहून वं बाई, खोकून राहिली?" मॅडमवरून त्या एकदम एकेरीवर आल्या. मी आजार सांगितला. "कोण हाय जवळ?" मी म्हटलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या, "मंग असं कर. एका दमात 'गुरुदेव दत्त' म्हण. दम संपेपर्यंत. म्या इकडं माळ ओढते."

मी खरं तर वैतागले होते. पण तीन दिवसांत पहिल्यांदा कोणी मला तक्ता भरण्यापलीकडचं काहीतरी करायला सांगत होतं. मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "एकोणीस. आजाऱ्याच्या मानानं बरे हाय. उद्या याच टायमाले करते फोन."

आणि त्या करत राहिल्या. शुक्रवारी अठरा, शनिवारी अठरा. त्यांना माझा ताप, गोळ्या, यंत्राचा आकडा सांगायला गेले तर म्हणायच्या, "थे मले समजत नाही बाप्पा, तू नाव घे." मग पाच मिनिटं इकडचं तिकडचं. म्हैस लाथ मारते. सून मिठाचा डबा लपवते, कारण यांना रक्तदाब. पाच वाजायच्या आधी मी केस विंचरून बसायला लागले, फोनवर केस दिसत नाहीत हे ठाऊक असूनही.

रविवारी सकाळी ते बोटाचं यंत्र बंद पडलं. मी सेल बदलले, पुसलं, उलटसुलट केलं, पडदा काळाच. मेडिकलवाला म्हणाला, माल संपलाय, दोन-तीन दिवस लागतील. आता मी जे केलं ते लिहिते, कारण हा अनुभव लिहायचा तर ते वगळून चालणार नाही. लेकीच्या तक्त्यात तो रकाना रिकामा दिसला असता. ती तिकडे घाबरली असती. आणि मलाही रिकामा रकाना बघवत नाही. म्हणून मी शनिवारच्या शहाण्णवच्या खाली 'वरीलप्रमाणे'च्या दोन रेघा मारल्या. सोमवारी पुन्हा. मंगळवारी पुन्हा. लेकीला कळवलं की हल्ली आकडा बदलतच नाही. रविवारी गिरजाबाईंनी मोजली ती नावं सोळा होती, सोमवारी बारा. "आज कमी पडले वं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नुकती झोपून उठलेय. मला धाप लागत नव्हती, दुखत नव्हतं. उलट हलकं वाटत होतं आणि सारखी झोप येत होती. मला वाटलं, बरं वाटतंय.

मंगळवारी पाच वाजता फोन आला. मी नाव घेतलं. दम संपल्यावर नेहमीसारखा आकडा आला नाही.

"परत म्हण," त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं.

"आठ," त्या म्हणाल्या. "अन् मंधात श्वास घेतला तू, चोरून. तुह्या मशीनमंधी किती हाय?"

"शहाण्णव," मी म्हटलं.

"आज पाह्यलं?"

लेकीशी मी तीन दिवस खोटं बोलले होते. या बाईंशी बोलता येईना. मी सांगितलं, यंत्र बंद आहे, आकडा मी लिहिलाय.

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ऊठ. फोन ठेवू नोको. दार उघड." मी म्हटलं, बाहेर फीत लावली आहे, मला बाहेर जायची परवानगी नाही. "फितीले काय दात हाय? ऊठ वं माय, ऊठ." पलंगापासून दारापर्यंत जाताना मला भिंत धरावी लागली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. समोरच्या फ्लॅटमध्ये एक शाळामास्तर आणि त्यांची बायको राहायचे. वर्षभरात आमचं बोलणं एकदाच झालं होतं, जिन्यात चपला ठेवू नयेत अशी चिठ्ठी मी त्यांच्या दाराला लावली होती त्यावरून. बेल दाबून मी मागे सरकले. दार मास्तरांनी उघडलं आणि मला बघून ते दोन पावलं मागे गेले. मी हातातला फोन स्पीकरवर टाकून पुढे धरला. त्यातून आवाज आला, अख्ख्या जिन्यात घुमेल असा.

"भाऊ! ओ भाऊ! ऐकून राहिले का? या बाईले दवाखान्यात न्या. इच्या दमात दम नाही राहिला."

"तुम्ही कोण बोलता, आजी?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

"मी कुहीची गिरजा. मी इतक्या दूर नसती तं तुमाले बोललीच नसती. गाडीच्या काचा उघड्या ठेवा, तोंडाले दोन फडके बांधा, पण न्या."

ते आत गेले. दार लोटलं गेलं. मला वाटलं, संपलं. आणि त्यांना दोष द्यावा असंही वाटलं नाही, त्यांच्याही घरात माणसं होती. मी पायरीवर बसले. दोन मिनिटांनी दार उघडलं. तोंडाला मास्क, त्यावर बायकोची ओढणी, हातात गाडीची किल्ली. "चला ताई," ते म्हणाले, "मागच्या सीटवर आडव्या व्हा. टेन्शन नका घेऊ."

दोन दवाखान्यांनी खाट नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या, एका लहानशा दवाखान्यात, आम्ही पोचलो तेव्हा एक माणूस बरा होऊन घरी निघाला होता. त्याची चादर बदलेपर्यंत मी बाकावर बसले. डॉक्टरांनी माझ्या बोटाला यंत्र लावलं, आकडा बघितला आणि मग माझ्या हातातला तक्ता बघितला. सवयीने मी तो बरोबर आणला होता. "हे शहाण्णव कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. "मी," असं म्हणायलाही मला दम पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उशाशी फोन वाजला. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, मला एकही नाव घेणं शक्य नव्हतं. मी नुसता फोन कानाशी धरला. "बोलू नोको," त्या म्हणाल्या. "आज म्या म्हणते, तू ऐक." आणि त्या म्हणत राहिल्या, मधे थांबून श्वास घेत, खाकरत, सुनेला "दूध उतू जाऊन राहिलं पाय" असं ओरडत, पुन्हा तिथूनच नाव उचलत. आजूबाजूला यंत्रं वाजत होती. मला करायला काहीही नव्हतं. गोळ्या कोणी तरी देणार होतं, आकडा कोणी तरी लिहिणार होतं, नाव कोणी तरी घेत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न करता देवासमोर होते. डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि ते मी पुसलंही नाही.

बारा दिवसांनी घरी आले. पुढे पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कुहीला गेले. बरोबर मंदिराचं रजिस्टर घेतलं होतं. गिरजाबाई अंगणात बसल्या होत्या, आणि त्यांना बघितल्यावर चेहरा आठवला. मंदिराच्या मागच्या नळावर, सगळे गेल्यावर प्रसादाची पातेली घासणारी बाई. त्यांचं नाव माझ्या कामाच्या यादीत कधीच नव्हतं, कारण ते काम आपोआप होतं असं मी धरून चालले होते. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्या पान उलट्या बाजूने बघत राहिल्या. मग मला कळलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी यादी फळ्यावर लावली, गटात टाकली, आणि त्यांना तोंडाने कोणीच सांगितलं नाही. गुरुवार त्यांनी चुकवले नव्हते. मी त्यांच्यापर्यंत पोचवलेच नव्हते.

मी लाल रेघेचं सांगितलं. माफी मागितली.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मंदिराच्या फुलवालीनं तवाच सांगतलं, मॅडमनं तुले काटलं म्हणून."

"मग तरी शिरा करून मला फोन का केलात?"

"काहून म्हणजे? नाव तू काटलं, देवानं थोडीच काटलं! लय हुशार समजते स्वतःले." त्या हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आण वं चहा, मंदिरवाली आली."

त्या दिवशी, नेमक्या माझ्या आजाराच्या तिसऱ्या दिवशी, त्यांना शिऱ्याची बुद्धी का झाली, याचा मी अनेकदा विचार करून बघितला. हिशेब लागत नाही. आता लावतही नाही. मंदिर पुन्हा उघडलं आहे आणि यादी अजून मीच करते, स्वभाव काही जात नाही. पण आता आठवड्याच्या सुरुवातीला प्रत्येक घरी स्वतः फोन करून सांगते, आणि काम झालं की लगेच फोन ठेवत नाही. प्रत्येक पानावर एक रकाना मोकळा सोडते, त्यात काहीही भरत नाही. मास्तरांच्या चपला आता जिन्यातच असतात.

घर तेवढंच रिकामं आहे. लेक अजून दूरच आहे. दर गुरुवारी पाच वाजता कुहीवरून फोन येतो, मी एका दमात नाव घेते आणि पलीकडे माळ सरकते. शेवटी त्या आकडा सांगतात. दत्तगुरूंच्या कृपेने तो बरा असतो. किती, ते मी कुठेही लिहून ठेवत नाही.