आण्णांचं माप

जेवणं आटोपली आहेत, भांडी पालथी पडली आहेत आणि कुंदा नुसती पाठ टेकायला म्हणून चटईवर आडवी झाली आहे. झोपायचं नाहीच आहे तिला. दुपारी झोपलं की डोकं धरतं, असं ती साऱ्या आळीला सांगत असते, आणि रोज झोपते. वर पंखा घरघरतो आहे. घरघर हळूहळू लयीत येते, लयीची टकटक होते आणि अंगाखालची चटई शिलाई मशीनच्या पायट्यासारखी मागेपुढे हलायला लागते.

"उजेडाकडं पाठ करून बसू नकोस, कुंदे. सुई दिसायची न्हाई."

असं बोलणारा माणूस जगात एकच. बाळकृष्ण हेंद्रे, तिचे वडील. फलटणच्या बाजारात एका जिन्याखालच्या दुकानात त्यांनी जन्मभर शिंपीकाम केलं, आणि मागच्या दिवाळीनंतर ते वारले. ते वारलेत हे कुंदाला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. पण तो विषय आता काढायचा म्हणजे घरी आलेल्या माणसाला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं. ती वळून उजेडाकडे तोंड करते.

दुकान होतं तसंच आहे, फक्त जिना वर जाता जाता संपतच नाही. आण्णा मशीनवर वाकून बसले आहेत. अंगात पांढरा शर्ट. खांद्याची शिवण पार दंडावर उतरलेली, बाह्यांतून बोटांची फक्त टोकं दिसताहेत, आणि कॉलरमध्ये आणखी एक मान आरामात बसेल. कुंदा तो बघताक्षणी ओळखते. हा तोच शर्ट आहे.

त्याचं असं झालं होतं. आण्णांना न्यायच्या वेळी अंगावर घालायला नवा शर्ट हवा होता, आणि त्यांचं माप कुणालाच ठाऊक नव्हतं. असणार कसं? अर्ध्या फलटणच्या छात्या, कंबरा आणि मांड्या ज्याला तोंडपाठ, त्या माणसानं स्वतःसाठी कधी शर्ट शिवलाच नाही. गिऱ्हाईक टाकून गेलेले, वर्षभर खुंटीवर वाट पाहिलेले शर्ट ते घालायचे. शेवटी कुंदाचा धाकटा भाऊ अरविंद चौकात जाऊन अंदाजानं एक तयार शर्ट घेऊन आला. तो बुजगावण्याला घालावा तसा बसला. कुंदानं सुईदोरा हातात घेतला होता, निदान खांदे तरी आत घ्यावेत म्हणून. आत्या म्हणाली, "अगं, आता कोण बघतंय?" आणि कुंदानं ऐकलं. सुई परत डब्यात ठेवली. तेव्हापासून तिला आण्णा आठवतात ते तसेच, परक्याच्या शर्टात, आणि त्या आठवणीनं जीव नकोसा होतो.

"आण्णा, उभे राहा," ती म्हणते. "माप घेऊ द्या."

"घे की. एवढी बाही होऊ दे."

बाही संपते तेव्हा दुकान नसतं. घराची मधली खोली असते आणि मशीन माईच्या, तिच्या आईच्या, खाटेशी लागून असतं. माई आजारी पडली तेव्हा आण्णांनी मशीन उचलून घरीच आणलं होतं. एक पाय पायट्यावर, एक हात तिच्या कपाळावर, असं कितीतरी दिवस. खाटेवर आता माई नाही, नुसती घडी घातलेली गोधडी आहे. आण्णा तिच्यावरूनच हात फिरवताहेत.

"आण्णा, माप."

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

कुंदा टेप घेऊन त्यांच्यामागे जाते, तर खोलीच्या दारातून शाळेचं मैदान लागतं. पोरं ओळीनं उभी आहेत, खाक्या चड्ड्या, निळे स्कर्ट, सगळे आण्णांच्या हातचे. आण्णा एकेकाचा गळा चाचपताहेत, काखेत बोट घालून बघताहेत. जून महिन्यात ते असेच घरात दिसेनासे व्हायचे. तरी शाळेच्या पहिल्या दिवशी कुंदाची वेणी तेच घालायचे, आणि ती इतकी घट्ट असायची की भुवया वर ओढल्या जायच्या.

"पोरांचं होऊ दे आधी," आण्णा म्हणतात.

"पोरांचं झालं! सगळ्यांचं झालं!" कुंदा आता चिडली आहे, आणि चिडली की ती रडते. "तुम्हीच तेवढे राहिलात. तुम्हाला कुणी काही शिवलं नाही. मी शिकले तुमच्याकडून, नणंदांचे, जावांचे, शेजारणींचे ब्लाऊज शिवले. तुम्हाला एक शर्ट शिवला नाही."

आण्णा थांबतात. मैदान रिकामं होतं.

"बरं," ते म्हणतात. "आता माप राहू दे. अंगावरच घे आत. पण कापड कापू नकोस, आतल्या बाजूला माया राहू दे."

शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. कुंदाच्या प्रत्येक फ्रॉकला आण्णा चांगली दोन बोटं माया ठेवायचे, पोर वाढणार म्हणून.

"तुम्ही कुठं वाढणार आहात आता?" तिच्या तोंडून निघून जातं.

आण्णा खळखळून हसतात. "सवय गं!"

ती सुईत दोरा ओवते. मग सवयीनंच रिळावरून दोऱ्याचा एक तुकडा तोडून त्यांच्या तोंडाशी नेते. अंगावरचा कपडा शिवायचा तर ज्याच्या अंगावर आहे त्यानं दातांत दोरा धरायचा, हा आण्णांच्या दुकानातला नियम होता. अंगावर शिवतात ते मेलेल्याला, असं ते म्हणत. दोरा धरला की माणूस जिवंत आहे हे कळतं. साधं बटण लावतानासुद्धा ते दोऱ्याशिवाय सुई टोचू देत नसत.

आण्णा तोंड बाजूला करतात.

"धरा ना, आण्णा."

"मला कशाला?" अगदी हळू आवाजात, लहान पोरीला समजवावं तसं ते म्हणतात. "आपल्या दोघांत जो जिवंत हाय, त्यानं धरायचा. आ कर."

कुंदाला तोंड उघडायचं नाही. तरी ती उघडते. ते दोरा तिच्या दातांत ठेवतात आणि हनुवटी खालून अलगद दाबून तोंड मिटवतात. मग पाठ करून उभे राहतात, पहिल्यांदाच, दोन्ही हात सैल सोडून. ती उजव्या खांद्यापासून सुरुवात करते. बारीक, एकसारखे टाके घालत जाते. तिला खूप बोलायचं आहे, पण दातांत दोरा आहे. उजवा खांदा नेमका बसतो. आण्णा मान वळवून त्याच्याकडे बघतात आणि "बेस" म्हणतात. ती डाव्या खांद्याला सुई लावते.

"आई, चहा ठेवू का?"

स्वयंपाकघरातून लेक हाक मारते आहे. पंखा घरघरतो आहे. चटईची नक्षी गालावर उठली आहे, उशी ओली आहे. डावा खांदा राहिला.

"आई, ऐकतेस ना? ठेवू का?"

कुंदा उठून बसते. ओठाच्या कडेला काहीतरी लोंबतं आहे, ती बोटांनी चाचपते. पांढरा दोरा. वीतभर, ओला, एक टोक घट्ट दातांखाली. चहाला हो म्हणायचं तर तोंड उघडावं लागेल. ती तशीच बसून राहते.