काढायचे नाहीत

सोनगीरजवळच्या त्या गोठ्यावर मी दुसऱ्यांदा गेलो, तर मालक आबा पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर करून दारात उभे. हातांत मीच दिलेले हातमोजे. दिले तेव्हा पांढरे होते.

मी सरकारी पशुवैद्य. पहिल्या भेटीत आबांच्या दोन म्हशींच्या सडांवर फोड दिसले. दूध काढणाऱ्या सुनेच्या, सुनंदाच्या, बोटांवरही तसेच. याला बफेलोपॉक्स म्हणतात, म्हणजे म्हशींची देवी. हा व्हायरस म्हशीचा, पण धार काढताना माणसाच्या हातावर उतरतो. बहुधा तिथेच थांबतो. तरी आम्ही लक्ष ठेवतो, कारण जनावरातून माणसात आलेला प्रत्येक व्हायरस इतका समजूतदार नसतो.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सुनंदाला बजावलं होतं, खपल्या पडेपर्यंत लेकीला घ्यायचं नाही. दीड वर्षाची चिमी आजीच्या, अक्कांच्या, कडेवरून आईकडे हात पसरून रडायची. सुनंदा हात पाठीमागे बांधून उभी राहायची. धारा आबांकडे आल्या. मी म्हणालो होतो, "हातमोजे घाला. काढायचे नाहीत."

आता पलीकडच्या दोन धडधाकट म्हशींनाही फोड. मी गोचीड शोधले, माश्यांना दोष दिला. मग आबांच्या हातांकडे पाहिलं.

"आबा, हे कधी काढले होते?"

"तुम्हीनच सांगं ना, काढानं नही. मी काढंच नही."

"जेवताना?"

"चमचावरी जेवनू."

अक्का आतून म्हणाल्या, "आंघोय बी नही करी. डॉक्टरनं नाव सांगस."

आबांचे हात सुरक्षित होते. व्हायरस मात्र हातमोज्यांवर बसून या म्हशीकडून त्या म्हशीकडे आरामात फिरत होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "नव्या केसेस कशा आल्या?"

"सूचनांचं तंतोतंत पालन झालं, सर."

"कुणाच्या सूचना?"

"माझ्या."

साहेबांनी फोन ठेवला.

मग नव्याने सांगितलं. ज्यांना फोड नाहीत त्या म्हशी आधी, आजारी शेवटी. दर म्हशीला नवा जोड, मधे साबणाने हात. आबांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. त्यांचा माझ्यावरचा भरवसा उडाला होता.

नंतर गेलो तेव्हा म्हशी सुधारत होत्या, नवा फोड कुठेच नव्हता. सुनंदाच्या खपल्या पडल्या होत्या, डॉक्टरांनी परवानगी दिली होती. चिमी तिच्या खांद्यावर झोपलेली. चहा अक्कांनी आणला, कारण सुनंदा तिला खाली ठेवायला तयार नव्हती.

बायको वर्षानुवर्षं म्हणते, तुमचं वाक्य अर्धंच असतं. हल्ली मी 'काढायचे नाहीत'च्या पुढे 'कधी काढायचे' तेही सांगतो. घरी अजून सुधारणा नाही.