अंबूमावशीचे तीन दात

माझी अंबूमावशी कुणाला माफ करणारी बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तिच्याकडून कुणी भलती अपेक्षा ठेवू नये. तशी ती देवाधर्माची. दर सोमवारी कपिलेश्वराला जायची, एकादशी मोडायची नाही, दारात आलेल्याला मूठभर पीठ घातल्याशिवाय परत पाठवायची नाही. पण तम्मण्णा दातवाल्याचं नाव निघालं की तिचे डोळे बारीक व्हायचे. "देव बघून घेईल म्हणत्यात. देवाला लई कामं हैत. ह्याचं मी बघतो," असं ती म्हणायची. आमच्या भागात बायकासुद्धा बोलताना 'जातो, बघतो'च म्हणतात.

मावशी बेळगावजवळच्या वडगावची, विणकराच्या घरातली. तिचा नवरा शामूकाका मागावर बसे आणि बाकीचं सगळं मावशीच्या अंगावर. मागाच्या घरात बाईचे पुढचे दात म्हणजे एक हत्यारच असतं. धागा तुटला की गाठ मारायची आणि उरलेलं टोक दातानं कुरतडून टाकायचं. कात्री शोधत बसलं तर तेवढ्यात दहा धागे खोळंबतात. आडवा धागा वाहून नेणाऱ्या धोट्याच्या बारीक भोकातून धागा बाहेर काढायचा तोही तोंडानं ओढून. मावशीचे दात पांढरे, एका ओळीत बसवल्यासारखे. साडीवर एक कुसळ राहायचं नाही तिच्या हातून. हसायचीही मोकळी, तोंडाला पदर न लावता, आणि त्यावरून सासूची बोलणीही खायची.

एकोणीसशे सत्तावीस साली तिची डावी दाढ दुखायला लागली. लवंग धरून झाली, तुरटी झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. गाल सुजला. शेवटी शनिवारच्या बाजारात शामूकाका तिला तम्मण्णाकडं घेऊन गेला.

हा तम्मण्णा बाजारात एका चिंचेखाली बसायचा. पुढं तांबडं फडकं अंथरलेलं आणि त्यावर काढलेल्या दातांचा ढीग. ढीग जेवढा मोठा तेवढा दातवाला मोठा, असं लोक समजायचे. त्याची रीत अशी. परातीत पाणी घ्यायचं, मधे तापलेली वीट ठेवायची, विटेवर रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया तुपात कालवून टाकायच्या. वर भोक पाडलेलं गाडगं पालथं घालायचं आणि भोकात बांबूची नळी. दुखणेकऱ्यानं नळीला तोंड लावून धूर घ्यायचा. थोड्या वेळानं तम्मण्णा गाडगं उचलायचा, आणि परातीच्या पाण्यात बारीक पांढरे किडे तरंगत असायचे. "बघा, तुमच्या दातातनं पडलं!" बघणाऱ्याच्या अंगावर काटाच यायचा.

मावशीचेही किडे पडले. ते बघून तम्मण्णानं मान हलवली. "आक्का, किडं दाढंतलं न्हवं. पुढनं शिरल्यात. हे वरचं तीन काढलं तरच दाढ वाचंल." आणि शामूकाकाला म्हणाला, "अण्णा, डोस्कं घट धरा."

शामूकाकानं डोकं धरलं. तम्मण्णानं चिमट्यानं वरचे पुढचे तीन दात काढले. चांगले, घट्ट दात, सहजी निघेनात. मावशी सांगायची, एकेका दाताला त्यानं गुडघा तिच्या छातीला टेकला होता. मग ते धुऊन त्यानं ढिगावर अगदी वर ठेवले. पांढरे होते ना.

दाढ त्या रात्रीही दुखत होती.

मग सुरू झालं ते वेगळंच. धागा दाताखाली सापडेना. धोट्यातून ओढायला जावं तर फटीतून वाराच जाई. कमरेला कात्री बांधून ती काम करू लागली, पण अर्ध्या दिवसाचं काम पूर्ण दिवस खाऊ लागलं. बोलताना शिट्टी वाजायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, "अंबुबाई, बोलतीस का पाखरं हाकलतीस गं?" मावशीनं बोलणं कमी केलं, हसणं बंदच केलं.

आठवड्यानं ती सुजल्या गालानं तम्मण्णापुढं जाऊन उभी राहिली. "दाढ तशीच दुखती. माझं दात का काढलंस?"

"किडं बघितलं न्हाईस व्हय?" तम्मण्णा लोकांकडं बघत म्हणाला. "ह्या सगळ्यांनी बघितलं. आता बोळकं झालं म्हणून भांडाय आलीस? जा, न्हवऱ्याला पेज करून घाल, तू बी पी."

लोक हसले. मावशी सांगायची, "दात काढताना रडलो न्हवतो, त्या हसण्यानं रडलो." घरी परतताना वाटेतच तिनं ठरवलं की ह्या माणसाला बाजारातून उठवायचं, आणि त्याच्याच तोंडून खरं वदवून घ्यायचं.

दाढेसाठी ती बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या दाताच्या डॉक्टरकडं गेली. ते गोव्याकडचे, मोडकं मराठी बोलणारे. मी सोबत होते, माझं सासर तिच्याच आळीत. डॉक्टरांनी हत्यारं उकळून घेतली, हिरडीत सुई टोचली, आणि मावशीला कळायच्या आत किडलेली दाढ बाहेर. मग पुढची मोकळी जागा बघून त्यांनी विचारलं, "हे कोणी काढले?"

"किडं झालतं म्हणं."

"दातात किडा नसतो बाई. अन्न अडकतं, कुजतं, त्यानं दात पोखरतो. तुमच्या तोंडात बाकीचे बघा किती चांगले. हे तीनही चांगलेच असणार." त्यांनी कवळी करून देतो म्हटलं. मावशी म्हणाली, "नको. मोकळी जागा दिसू दे. लोकांनी इचारलं पायजे, कुणी काढलं."

डॉक्टरांनी तिला दात राखायचं शिकवलं. बाभळीची ताजी काडी चावून कुंचा करायचा, वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर, जेवल्यावर खळखळून चूळ भरायची, मिश्री लावायची नाही. तिनं ते मन लावून ऐकलं. पण डोक्यात एकच फिरत होतं. दातात किडा नसतो, तर परातीत कुठून आला?

रिंगणी आमच्याकडं कुठंही उगवते. मावशीनं बिया आणल्या, घरीच परात, वीट, गाडगं मांडलं. स्वतःच नळी तोंडात धरून धूर घेतला. किडे पडले! दुसऱ्या दिवशी परत घेतला, परत पडले. डॉक्टर खोटा की काय असं तिला वाटू लागलं. तिसऱ्या वेळी बिया विटेवर टाकून गाडगं पालथं घातलं, आणि नळीला तोंड लावणार तोच चुलीवरची आमटी उतू गेली. ती उठून गेली. आल्यावर गाडगं उचलून बघते तर किडे आधीच तरंगताहेत.

तिनं एक किडा नखावर घेतला. हलेना, वळवळेना. मग बी भिजत घातलं, सकाळी सुईनं फोडलं. आत वेटोळं करून बसलेला पांढरा कोंब. तापलेल्या विटेवर बी फुटतं आणि तो कोंब उडून पाण्यात पडतो, एवढंच.

मला हाक मारून तिनं ते दाखवलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ती हसली. ते हसणं बघून मला तम्मण्णाची काळजी वाटली, खोटं कशाला बोलू.

पुढच्या शनिवारी मावशीनं तम्मण्णाच्या समोरच आपलं सामान मांडलं. "या, या! किडं बघा! फुकाट किडं!"

"काय गं बोळके, दुकान मांडलंस व्हय?" तम्मण्णा ओरडला.

"व्हय. तुझंच."

माणसं जमली. मावशीनं बिया टाकल्या, गाडगं पालथं घातलं, नळी बसवली आणि नळीच्या तोंडात कणकेचा गोळा दाबून भरला. "बघा रं, नळी बुजवलीया. कुणाचं तोंड लागलंय का हितं?"

"न्हाई," लोक म्हणाले.

"नीट बघून सांगा."

"न्हाई लागलं, आक्का."

तिनं गाडगं उचललं. परातभर पांढरे किडे. मावशी तम्मण्णाकडं वळली. "आता सांग. हे किडं कुठल्या दाढंतनं पडलं? गाडग्याची दाढ किडलीया व्हय?"

कुणीतरी फस्सकन हसलं. पण काकती गावची एक म्हातारी हसली नाही. तिचे खालचे सगळे दात तम्मण्णानं काढलेले. ती पुढं झाली आणि त्या तांबड्या फडक्यावर थुंकली. मग गडबड उडाली. कुणी ढिगाला लाथ मारली, कुणी तम्मण्णाची गचांडी धरली. मावशीच मधे पडली. "मारू नका! मारलं की चार माणसांस्नी त्याची दया येती. तसाच जाऊ दे."

तम्मण्णा फडकं गुंडाळून गेला. वाटेनं शामूकाका म्हणाला, "झालं न्हवं गं समाधान? पुरं आता."

"माझं तीन गेलं. त्याचा एकच बाजार गेलाय."

"मग माझ्यावर बी उगव सूड. डोस्कं मी धरलतो."

मावशीनं गाडगं दुसऱ्या कमरेवर घेतलं. "तुमचं रोज घरात चाललंयच की."

ते खरं होतं. शामूकाकाच्या भाकरीचा पापुद्रा दोन वर्षं करपलेलाच असायचा.

त्यानंतर मावशीनं आळीतल्या तोंडांचा ताबा घेतला. सकाळी बाभळीच्या काड्यांची मोळी घेऊन घराघरांत शिरायची. पोरांचे जबडे उघडून बघायची, बायकांच्या मिश्रीच्या डब्या परड्यात फेकायची. कुणाची दाढ काळी दिसली की हाताला धरून कॅम्पात डॉक्टरकडं. लोकांना वाटायचं बाई पुण्य करते. मला ठाऊक होतं. ती मला म्हणाली होती, "वडगावचा एक दात त्या हातात पडू द्यायचा न्हाई." माझी पोरं काडी टाकून पळायला लागली तर ओरडायची, "तम्मण्णाला ठेवलाईस व्हय रं दात?" आमच्या आळीत म्हाताऱ्या माणसांचेही दात शाबूत राहिले ते ह्या रागानं.

दोन वर्षांनी निपाणीचा एक पाहुणा बोलता बोलता म्हणाला, तिथल्या बाजारात एक दातवाला बसतो, किडे काढून दाखवतो. मावशी हातातला घास ठेवून उठली. दुसऱ्याच बाजारच्या दिवशी आम्ही दोघी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला. गाडगं तिच्या मांडीवर. निपाणी तंबाखूची. वखारीतल्या बायका दिवसभर तंबाखूत, दातांना मिश्री, हिरड्या सुजलेल्या. तम्मण्णाला तिथं सुगीच होती. मावशी मोटारीतून उतरली तशी त्यानं तिला पाहिलं आणि आवराआवर सुरू केली. पण मावशीनं वीट तापवलीच. वखारीतल्या बायकांनी किडे बघितले आणि मग तम्मण्णाला त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही.

"दोन झालं," परतताना मावशी म्हणाली.

तिसऱ्याला वेळ लागला. एकोणीसशे अडतीस साल उजाडलं. तम्मण्णा खानापूरच्या बाजारात बसतो असं कळलं. आम्ही आगगाडीनं गेलो. मावशीचे केस पिकले होते, तरी गाडगं बरोबर होतंच.

तम्मण्णाही पिकला होता. पुढं ढीग नव्हता, परात नव्हती. एका पोत्यावर चिमटा तेवढा. मावशीला बघून तो पळाला नाही. उठून उभा राहिला, चिमटा तिच्यापुढं धरला. भोवती माणसं गोळा झाली.

"घे," तो म्हणाला. "धुरी कवाच सोडलीया. अकरा वर्सं तू माझ्या मागं हैस. तीन काढ माझं आणि मिटव एकदा."

मावशीनं चिमटा घेतला तसा तो खाली बसला. त्यानं तोंड उघडलं. मावशी वाकून बघत राहिली. मीही बघितलं. बत्तीसच्या बत्तीस दात, पांढरे, स्वच्छ, हिरड्या घट्ट. साठीच्या माणसाचं असं तोंड मी पाहिलं नव्हतं.

मावशीचा हात चिमट्यावर आवळला. "कशानं घासतोस?"

"बाभळीच्या काडीनं."

"कवापासनं?"

"बारकं हुतो तवापासनं. माझ्या बानं शिकवलंय."

"आणि धुरी? धुरी कितीदा घेतलीस?"

तम्मण्णा खाली बघायला लागला.

"सांग की. मोठ्यानं सांग. माणसास्नी ऐकू दे."

"न्हाई घेतली."

"का न्हाई?"

"किडं नसत्यात," तो म्हणाला. आणि मग जरा मोठ्यानं, "दातात किडं नसत्यात. मला ठावं हुतं. तुझं तीन चांगलं हुतं."

मी मनात देवाचं नाव घेतलं, की मावशीच्या हातून काही होऊ नये. तिनं चिमटा त्याच्या पुढच्या दाताला लावला. तो डोळे मिटून बसला होता.

मग तिनं चिमटा काढून घेतला.

"काढ की," तम्मण्णा म्हणाला. "काढ आणि फिटलं म्हण."

"म्हणूनच काढत न्हाई. काढलं तर तू घरला जाऊन म्हणशील, फिटलं. मी फिटू देणार न्हाई."

"मग हे संपणार कवा, बाई?"

"तुझ्याकडनं आज संपलं. माझ्याकडनं न्हाई."

तिनं चिमटा आपल्या पिशवीत टाकला आणि आम्ही स्टेशनची वाट धरली. गाडी यायला उशीर होता. मावशीनं फलाटावर बसून शिदोरी सोडली, माझ्याकडं अर्धी भाकरी सारली आणि स्वतः सावकाश, बाजूच्या दाढांनी, पोटभर जेवली. मी म्हणाले, "मावशी, देवळात जाऊन आता तरी मोकळी हो."

"देवाला मी खोटं सांगत न्हाई," ती म्हणाली. "मी मोकळी न्हाई. बरी हाय."

तम्मण्णा त्यानंतर दातवाला म्हणून कुठं बसल्याचं ऐकलं नाही. पण मावशी शेवटपर्यंत खात्री करत राहिली. घरी परगावचा कुणी पाहुणा आला की त्याच्या हातातलं पाणी पिऊन व्हायच्या आत ती विचारायची, "तुमच्याकडं बाजारात दातवाला कोण बसतो हो?"