मुलगीच असू दे

घरी ती तिसरी मुलगी, म्हणून धाकटी. प्रयोगशाळेतही हेच नाव चिकटलं, जरी पेशी सांभाळण्यात ती सगळ्यांची ताई शोभेल. दिसेल ते स्पिरिटने पुसायची तिची खोड अशी की नवरा म्हणायचा, "एक दिवस मलाही पुसून टाकशील."

त्या खोडीनेच घात केला. बर्फात दोन नळ्या होत्या. एकीत प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या मूलपेशींचा अर्क, दुसरीत गर्भातल्या बीजपेशींचा. तो गर्भ टिकला नव्हता. त्याच्या आईने धाकटीसमोरच रडत रडत परवानगी दिली होती, निदान कुणाच्या कामी तरी येऊ दे म्हणून. धाकटीने नळ्या उचलल्या, सवयीने बोळा फिरवला, आणि मार्करची अक्षरं दोन्हींवरून उडाली. कुठली कुठली, देव जाणे.

"कोणती जनुकं जागी आहेत त्यावरून कळेल ना?" तिने चाचरत प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं.

"तेच तर शोधतोय आपण. उत्तर बघून नाव लावायचं, मग प्रयोग कशाला?" मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. "मूलपेशी मुलाच्या आहेत, हे नक्की. मुलग्यांच्याच पेशींत चालणारं एक जनुक तपास. गर्भ मुलीचा असेल तर एका नळीत ते दिसणार नाही. मुलगा असेल तर दोन्ही फेकायच्या."

यंत्र सुरू झालं. धाकटी उठली, बसली, धुतलेलं टेबल पुन्हा धुतलं. चहा केला, तो तसाच निवला. गर्भाच्या त्या आईचा रडवेला आवाज कानातून जाईना. मनात एकच धोशा, मुलगीच असू दे. आणि मग तिचं तिलाच कसंसं झालं. ती झाली तेव्हा बाप कितीतरी दिवस बघायला आला नव्हता, हे आईने हसत हसत सांगितलेलं होतं.

पडद्यावर एक रेघ चढली. दुसरी खालीच राहिली. धाकटी तिच्यावरची नजर काढेना. रेघ शेवटपर्यंत वर आली नाही.

"मुलगी," मॅडम म्हणाल्या. "वाचलीस बाई."

धाकटीने नळीला नाव चिकटवलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि एकदम रडायला लागली. मुलगीच व्हावी म्हणून कुणी इतकं तळमळल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि ती मुलगी तर जगात आलीच नव्हती.