नसलेल्या पायावरचं पाणी

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आम्ही वसईचे ख्रिस्ती. कोणी भुताखेताचं काढलं की सगळ्यांत आधी मी हसायचो. आजही हे खरं माना असं म्हणत नाही... झालं ते लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी बाईकच्या अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लोक हळहळतात. मला तेव्हापासून कशाचंच फारसं काही वाटत नाही. उलट फायदेच आहेत. त्या पायाला कुरूप होतं, ते गेलं. आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या सोसायटीत मला कुठल्याही कमिटीत घेत नाहीत — हा सगळ्यांत मोठा. आणि अलार्म लावावा लागत नाही! रोज सकाळी साडेसहाला त्या नसलेल्या पावलावरून गार पाणी वाहायचं, अगदी बोटांच्या बेचक्यांतून. रविवारी मात्र नऊला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला अजून पाय गेल्याचं कळलेलं नाही. मला पटलं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी पाणी आलंच नाही. सात वाजले, साडेसात झाले. पाऊल कोरडं. का कोण जाणे, गावातल्या वाडीत एकटे राहणाऱ्या पप्पांना फोन लावला. उचलला नाही.

"चर्चमध्ये मिस्साला गेले असतील," बायको म्हणाली.

"मंगळवारी? ते फक्त रविवारी जातात."

त्यांच्या शेजारी राहणाऱ्या चुलतभावाला, डेरिकला, पाठवलं. पप्पा विहिरीजवळ पडलेले. मोटर लावायला निघाले होते. लकवा. अजून उशीर झाला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

चार दिवसांनी पप्पांना नीट बोलता आलं. "तुला कोनी सांगितलं रे?"

"कोणी नाही. माझ्या पायाला पाणी आलं नाही."

ते रडत रडत बोलले. कापलेला पाय हॉस्पिटलनेच पुरला, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. पाय त्यांच्या ताब्यात दिला होता.

"शिमिट्रीत अख्खा मानूस पुरतात. नुसत्या पायासाठी फादरला काय विचारू? वाडीतच पुरला, पाटाच्या तोंडाशी. पहिलं पानी तुझ्या पायाला, मंग केळीला. रविवारी तेवढं मिस्सा झाल्यावर."

मला वाटलं, चला, उलगडा झाला... पण नाही.

आता पप्पा आमच्याकडे असतात, अंथरुणावर. वाडी डेरिक बघतो. तीच मोटर, तोच पाट, पाणी साडेसहालाच सोडतो. मी स्वतः जाऊन बघितलं, जागेवर उभा राहिलो. माझं पाऊल मात्र त्या मंगळवारपासून कोरडं आहे. का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचंही सोडलं.

पप्पा रोज सकाळी आतून हाक मारतात, "पानी आलं का रे?"

मी म्हणतो, "आलं, पप्पा."