पाच फूट आठ

२९ जून १९८५, शनिवार. सकाळी साडेनऊपासून मी जिमखान्याच्या खोलीत बास्केटबॉलच्या रिंगची जाळी विणत बसले होते. बंदरावरून आणलेली नायलॉनची दोरी, एका कोळणीकडून मागून घेतलेली लाकडी सुई आणि दाराच्या कडीला अडकवलेले बारा फास; रिंगला हुक बारा असतात म्हणून फासही बारा. दोरीला सुक्या मासळीचा वास होता, कोपऱ्यातल्या गाद्यांना दमट दिवसांचा कुबट वास होता, आणि खिडकीबाहेर आमच्या कोर्टावर शेवाळ इतक्या निवांतपणे पसरलं होतं, की ही जागा खेळासाठी आहे यावर परक्या माणसाचा विश्वास बसला नसता. कोकणात पावसाचे चार महिने बास्केटबॉल नसतो. या दिवसांत जाळ्या विणायच्या, चेंडूंच्या शिवणी तपासायच्या आणि शाळा सुटलेल्या मुलींची वाट बघायची.

त्या दिवशी मी एकाच मुलीची वाट बघत होते. अकरावीच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता, आणि ऑफिसची खिडकी पाचला बंद होणार होती.

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवायची, आणि मुलींच्या संघाची निवड, सराव, प्रवास, गुडघ्यांवरची हळद सगळं माझ्याकडेच असायचं. मुली चपळ होत्या, चिवट होत्या, पण एकजात बुटक्या. कोर्टभर वाऱ्यासारख्या धावायच्या आणि रिंगखाली पोचल्या की समोरच्या संघातली एखादी लांब हातांची मुलगी आमच्या डोक्यावरून चेंडू अलगद काढून न्यायची, परसातल्या वेलीवरचं पडवळ काढावं तसा. आमची कप्तान शुभदा पाच फूट एक इंच. ती एकदा हरल्यावर म्हणाली होती, "बाई, पुढच्या वर्षी सराव नको, शिडी द्या." मुली हसल्या होत्या. मी हसले नव्हते, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं.

म्हणून नोव्हेंबरात मी अलोऱ्याला गेले होते. तिथल्या प्रकल्पाच्या वसाहतीत कोर्ट आहे, आणि त्यावर एका इंजिनियरची उंच मुलगी चांगली खेळते असं कानावर आलं होतं. मुलगी खरंच चांगली होती. पण तिच्या अंगात नवाकोरा ट्रॅकसूट होता, आणि तो घाटावरच्या एका कॉलेजच्या सरांनी आदल्या आठवड्यात जीपमधून येऊन दिला होता. आमच्याकडे द्यायला हॉस्टेलमधली एक खाट आणि खाडीवरचं वारं. मी चहा घेतला, मुलीला शुभेच्छा दिल्या आणि परतीची एस.टी. धरली.

सावर्ड्याजवळ गाडी पाणी घालायला थांबली. कापण्या संपलेल्या होत्या. दुपारचं ऊन कापलेल्या भाताच्या खुंटांवर तिरपं पडून साऱ्या शेताला पितळी झाक आली होती, आणि हवेत नव्या पेंढ्याचा तो कोरडा, गोडसर वास होता, जो नाकात गेला की उगाचच पोट भरल्यासारखं वाटतं. रस्त्यालगतच्या खळ्यात उडवी रचली जात होती. पेंढ्याच्या त्या गोल राशीवर वर उभा असलेला माणूस पायाने थर दाबत होता आणि खालून एक मुलगी त्याच्याकडे पेंढ्या फेकत होती. उडवी तिच्या दुप्पट उंच. मी खिडकीतून मोजू लागले. एकेक पेंढी हातातून सुटायची, हवेत अर्धं वळण घ्यायची आणि वरच्या माणसाच्या छातीशी जाऊन थांबायची. त्याला एकदाही वाकावं लागलं नाही, एकदाही हात लांबवावा लागला नाही. चाळीस पेंढ्या मोजल्या आणि मी गाडीतून उतरले. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, गाडी सुटतेय!" मी त्याला हाताने जा म्हटलं.

मुलीचं नाव वनिता. दहावीत होती. वर उभा होता तो तिचा चुलता. जवळ गेल्यावर ती झटकन मान खाली घालून, खांदे आवळून उभी राहिली, आणि आत्ता दुरून पाहिलेली उंच मुलगी माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं आखूड झाली.

परीक्षा होईपर्यंत मी थांबले. एप्रिलात तिच्या शाळेच्या मास्तरांकडून निरोप धाडला आणि रविवारी तिच्या घरी गेले. रत्नागिरीहून एक प्रौढ बाई काठापदराची साडी नेसून रविवारी सकाळी येते, म्हणजे ती कशासाठी येते, याबद्दल त्या घराला काही शंका नव्हती. ओटी सारवलेली होती, नवी चटई टाकलेली होती, आणि स्वयंपाकघरातून फोडणीच्या पोह्यांचा वास येत होता. चुलता, आई आणि मुंबईहून मुद्दाम आलेली आत्या समोर बसली. वडील गिरणीत, ते मे महिन्यात येणार. मला यातलं काही उमगलं नाही. मी माझ्या कामाचा प्रश्न आधी विचारला.

"मुलीची उंची किती?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आत्या म्हणाली, "पाच फूट दोन, बाय. त्येच्यावर केसभर न्हाय."

तेवढ्यात वनिता पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. अंगावर आईची साडी. पावलं लहान, चाल जड, आणि निऱ्या जमिनीवर दोन वळकट्या होऊन लोळत होत्या. उंच बाईला साडी कधी पुरून उरत नाही. मी त्या निऱ्यांकडे बघितलं आणि सगळा प्रकार माझ्या ध्यानात आला. पोरीने साडीच्या आत गुडघे वाकवले होते, आणि तशा अवस्थेत, एक थेंबही न सांडता, ती चार माणसांचे पोहे नि पाण्याचे पेले घेऊन चालत होती. मांड्यांत केवढी ताकद असेल, हा विचार माझ्या मनात सगळ्यात आधी आला.

ही युक्ती मला ठाऊक होती. पंचवीस वर्षांपूर्वी मीही अशीच उभी राहिले होते. माझं लग्न जमलं, झालं, आणि नवऱ्याला माझी खरी उंची दुसऱ्या दिवशी कळली. त्याने मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि माळ्यावरचा डबा काढून दे म्हणाला. पुढे आमचा संसार नीट झाला, पण ते गुडघे मी विसरले नव्हते.

"बशा खाली ठेव," मी म्हटलं, "आणि गुडघे सरळ कर."

आईने पदर तोंडाशी नेला. वनिताने आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूहळू, पाठीवरचं पावसाचं इरलं बाजूला ठेवून माणूस उभं राहतं तशी, उभी राहिली. निऱ्या जमिनीवरून उचलल्या गेल्या, घोटे दिसू लागले, डोकं वाशाच्या जवळ गेलं.

मी कॉलेजातली मास्तरीण आहे आणि मला ही मुलगी बास्केटबॉलसाठी हवी आहे, हे मी मग सांगितलं. आत्या उसळली. "मास्तरीन हाव? मंग आदी बोलायचं न्हाय? मी पहाटेपास्नं पोरीला वाकून चालाय शिकवतेय!"

"छान शिकवलंत," मी म्हटलं. "आता मी ताठ चालायला शिकवीन."

चुलता मोठ्याने हसला. आत्याच्या ओठाचा कोपराही हलला, पण तिने तो लगेच आवरला. पोहे मी दोनदा घेतले. निर्णय मात्र तिच्या बापसाचा, तो आल्यावर काय ते ठरेल, असं आईने सांगितलं, आणि निघताना मी एक जुना चेंडू तिथे ठेवला. माझा एक नियम होता: मुलीच्या घरी एकदाच जायचं. दोनदा विनवून आणलेली मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाते ती परत येत नाही.

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. आंबे उतरवायचा एक फाटका झेला तिने फणसाच्या बुंध्याला उंचावर बांधला होता. झेला म्हणजे काय, काठीच्या टोकाचं कडं आणि त्याला जाळी. जाळीचं बूड फाटलं की चेंडूला पुरेसं. 'दहातले सहा जातात', तिने लिहिलं होतं. मे महिन्याच्या मध्यावर दुसरं कार्ड: 'दहातले आठ. बाबा आले आहेत. घाटकोपरचं स्थळ आणलं आहे.' त्यानंतर काही नाही. दहावीचा निकाल लागला, वर्तमानपत्रात मी तिचा नंबर शोधला, ती पास होती. तरी कार्ड नाही.

म्हणून त्या शनिवारी दोरीला गाठ मारताना दर गाठीला माझी नजर फाटकाकडे जात होती. एक वाजला, तीन वाजले. जाळीचे चार थर झाले. आपण रागावलो आहोत की काय, असं मी स्वतःला विचारलं आणि गाठ जास्तच आवळली गेल्याचं बघून उत्तर मिळालं. एका मुलीवर वर्षभराचा हिशेब टांगून ठेवणं हा अडाणीपणा होता, आणि तो मी जाणूनबुजून केला होता.

चार वाजून वीस मिनिटांनी फाटकातून एक काळी छत्री आत आली. छत्रीखाली ठेंगणा, सडसडीत माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याच्यामागे डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरून वनिता. काखेत माझा चेंडू.

मी प्रवेशाचा अर्ज भरून घेतला, ऑफिसात दिला, शिक्का मारून घेतला, आणि मग खेळाडूंच्या नोंदणीचा कागद पुढे ओढला. नाव, जन्मतारीख, शाळा. उंचीच्या रकान्यापाशी मी वर बघितलं.

"पाच फूट दो..." वनिता सवयीने सुरू झाली.

"पाच फूट आठ," तिचे वडील म्हणाले. "लिवा."

मी लिहिलं. त्यांना वाटलं मला खात्री नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं, "फोल्डिंग खात्यात हाय मी, बाय. वीस वर्सं कापाड मापतोय. दाराच्या चौकटीला उभी केली नि तीन वेळा मापली. माजं माप चुकत न्हाय."

"आणि घाटकोपरचं?" मी विचारलं.

"त्यांना भयनीनं पाच-दोन सांगितल्यालं. मी खरं माप लिवून धाडलं. खोटं माप सांगून तागा खपवायचा, ह्ये काय मला जमनार न्हाय. त्यांचा कागद काय परत आला न्हाय." त्यांनी छत्री झटकली आणि लेकीकडे जरा मान वर करूनच बघितलं. "मंग म्हटलं, कालेजात तरी खरं माप चालतंय का बगू."

"चालतं," मी म्हटलं. "इथे तेच लागतं."

पाचला खिडकी बंद झाली तेव्हा आमच्याकडे पाच फूट आठ इंचांची मुलगी होती. शुभदा दारात येऊन तिच्याकडे बघत राहिली, मग तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बाई, शिडी आली!" वनिता पहिल्यांदा हसली. तिचे वडील मात्र गंभीरपणे मला विचारत होते, की हॉस्टेलची खाट लांबीला किती आहे. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. उरलेल्या दोन थरांच्या गाठी मी इतक्या भराभर मारल्या, की एक फास चुकला आणि तो उसवताना मी गुणगुणत होते, हे शुभदाने पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी पावसाने उघडीप दिली होती, जिमखान्याच्या खिडकीतून धुतलेलं, पांढरं ऊन आत आलं होतं. मी संघातल्या सगळ्या मुलींना बोलावलं, भिंतीवर पट्टी ठोकली आणि गेल्या वर्षीची नोंदवही काढली. एकेकीला पट्टीखाली उभी केली. "टाचा भिंतीला. गुडघे सरळ. हनुवटी वर." वनिता स्टुलाच्या मदतीविना पेन्सिलीची खूण करत होती. शुभदा भरली पाच फूट दोन, वहीतल्या आकड्यापेक्षा इंचभर जास्त. तिच्यामागची दीड इंचाने जास्त. तिसरीही जास्त. वर्षभरात एवढ्या वाढण्याचं त्यांचं वय नव्हतं. ते आधीचे आकडे माझ्याच अक्षरात होते. मीच मापं घेतली होती, आणि मुली कशा उभ्या आहेत ते मला दिसलं नव्हतं.

मी जुने आकडे खोडले आणि नवे लिहिले. मुली आता पट्टीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मी वही शुभदाच्या हातात दिली, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

वनिताने आधी माझ्या टाचा बघितल्या. मग जरा संकोचून म्हणाली, "बाई, गुडघे."