नऱ्याचा हात आणि माझी किडनी

मी माझ्या भावाला लाकडी फळीनं मारलंय. पाठीत, दंडावर, जिथं बसेल तिथं.

आणि तेव्हा त्याच्या पोटात माझी किडनी होती.

आज नऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी नुसता फोटो टाकला होता, तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत. यंदा खरं लिहिते.

नऱ्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा. ती रेघ एकदाच ओढायची असते. हलली की गणपती तिरळा.

ट्रान्सप्लांटनंतर रोज दोन वेळा गोळ्या. मी इथून, रोह्याहून, रोज फोन करायचे.

"गोळी घेतलीस?"

"व्हय गो ताये."

ऐन सीझनमध्ये हॉस्पिटलचा फोन मला आला, कारण हा उचलत नव्हता. रक्तात औषध जवळजवळ नाहीच, क्रिएटिनिन चढलंय, म्हणजे किडनी बिघडतेय, ताबडतोब ॲडमिट करा.

एसटी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि माझं डोकं तासभर तापत राहिलं. पोट फाडून दिलंय मी, आणि हा गोळ्या सोडतो?

कारखान्याच्या दारात फळी पडली होती. ती उचलूनच आत गेले.

पहिला फटका पाठीत. दुसरा दंडावर. तिसरा हुकला आणि शेजारच्या गणपतीचा हात तुटून खाली पडला.

नऱ्या पळाला नाही. दोन्ही हातांनी पोट धरून वाकला.

"मार गो ताये. पाठीत मार, डोक्यात मार. हितं नको. हितं तुझं हाय."

फळी माझ्या हातातून सुटली.

त्यानं तो मोडका हात उचलला. "याची आखणी बाकी हाय. अजून देव झाला नाय. तुला पाप नाय लागायचं."

मग मला विचारता आलं, गोळ्या का सोडल्यास?

"घेतली की हात थरथरतो. म्हटलं, सीझन काढू, मग घेऊ."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"कोनी इचारलंच नाय."

हॉस्पिटलमध्ये कोऑर्डिनेटर मुलीनं फाइल उघडली. त्यात एक फॉर्म होता. पेशंटला स्वतःची काळजी घेता यावी म्हणून हॉस्पिटल किती मदत करतं, ते मोजायचा. औषधांचा त्रास होतो का, कुणी विचारलं? कामाबद्दल विचारलं? सगळीकडे नऱ्याची खूण एकाच रकान्यात. 'नेहमी'.

"खोटं का लिहिलंस रे?"

"पोरगी चांगली हाय गो. कमी लिवलं असतं तर तिला बोलणी बसली असती."

मी तो फॉर्म टराटरा फाडून तिच्या अंगावर फेकला. "हे मोजता? याचा हात बघितलात कधी?"

ती रडायला लागली. म्हणाली, "ताई, थरथर कळली असती तर डॉक्टरांनी डोस बदलून बघितला असता. मला वाटलं, यांचं सगळं छान चाललंय."

किडनी गेली. मग काही महिने डायलिसिस, मग इन्फेक्शन, मग नऱ्या.

तो फॉर्म फाडल्याचं मला बरेच दिवस बरं वाटत होतं. मग कळलं की त्यात तो प्रश्न निदान छापलेला तरी होता. मी रोज फोन केला आणि रोज एकच विचारलं, गोळी घेतलीस? हात कसा आहे रे, काम होतंय का, हे एकदाही नाही. मलाही तो 'व्हय'च म्हणत राहिला. मीही खूश.

त्या मुलीची मी माफी मागून आले. तुझी राहिली, नऱ्या.

तू माझी किडनी दोन्ही हातांनी झाकलीस. तुझ्या हाताकडे मी बघितलंच नाही.

श्रद्धांजली कुठल्या तोंडानं लिहू? जा बाबा. पाठीतले फटके माफ कर.

तुझी ताय